चौकटीच्या आतलं दार

प्रश्न: मी ठाण्यात घोडबंदर रोडला एका चौदा मजली इमारतीत राहते, शाळेत चित्रकला शिकवते. सोसायटीत छपन्न घरं आहेत, आमचं घर आमच्या मालकीचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी मुख्य दाराला बाहेरून गेरूसारखा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या रंगात वारली चित्र काढलं. समितीची नोटीस आली: दारापुढच्या कुंड्या आणि चपलांचं कपाट हलवा, दार पंधरा दिवसांत मूळ रंगात आणा, नाहीतर रोज दोनशे रुपये दंड. शेजारचे काका म्हणाले, "आपल्या इथे असं नसतं." मुलीला लिफ्टमध्ये मुलं "रंगीत दारवाली" म्हणतात. स्वतःच्या घराचं दार रंगवायचा मला हक्क नाही का? भांडू की रंग पुसून टाकू?

उत्तर:

ताई, कुंड्या आणि चपलांचं कपाट आजच आत घ्या. दाराला मात्र अजून हात लावू नका. नोटिशीत ही दोन्ही कामं एकाच वाक्यात आली आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे आणि तुमचं सगळं प्रकरण त्या फरकावर उभं आहे.

मी जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका, झाले त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांची दप्तरं बघते, सभांना बसते, भांडणं ऐकते. बरीचशी भांडणं पॅसेजमधली असतात. आणि पॅसेजच्या बाबतीत मी सदस्याची बाजू घेत नाही, तो कितीही गोड बोलला तरी.

कारण सांगते. नौपाड्यातल्या एका जुन्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत मी हिशेबाच्या कामाला गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. स्ट्रेचर वळेना म्हणून त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायला लागले, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक चपलांचं कपाट आणि त्याला टेकवलेली लहान मुलाची सायकल. खुर्ची तिथेच अडली. दोघांनी खुर्ची धरून ठेवली, तिसऱ्याने कपाट ओढलं, त्याचं दार उघडलं आणि चपला जिन्यावरून खाली घरंगळत गेल्या. मग त्या चपलांवरून पाय सांभाळत बाकीचा जिना उतरायचा. आजोबा घरी परत आले नाहीत. कपाटामुळे गेले असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण ते कपाट ज्यांचं होतं त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याला दिलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्या वळणावरून नजर खाली घालून जायच्या.

तुमच्या चौदा मजल्यांत हे आणखी लागू आहे. आग लागली की लिफ्ट बंद, उरतो तो जिना आणि पॅसेज, तोही धुराने भरलेला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची आणि भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि तसं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. पॅसेजमधली जागा तुमच्या दारापुढे असली तरी ती छपन्न घरांची आहे. तेव्हा या मुद्द्यावर समितीला लगेच "कपाट आणि कुंड्या हलवल्या" असं लेखी कळवा. खरी चूक आपण आधी मान्य केली की दाराबद्दल बोलताना आपल्या शब्दाला वजन येतं.

आता दार.

कोणताही नियम दाखवला की मी आधी विचारते, हा कुठून आला? सोसायटीत नियम येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. एक, १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, ज्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब कलमांचं वेगळं प्रकरण आलं. दोन, तुमच्या सोसायटीचे नोंदणी झालेले उपविधी, म्हणजे बाय-लॉज. तीन, सर्वसाधारण सभेचा ठराव, जो उपविधींच्या चौकटीतच असला पाहिजे. उपविधी बदलायचे तर सभेत हजर असलेल्या आणि मत देणाऱ्या सदस्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि निबंधकांकडे नोंदणी होईपर्यंत तो बदल लागू होत नाही. सेक्रेटरींनी रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज यातल्या कशातच बसत नाही. लिफ्टजवळ लॅमिनेट करून लावलेली पाटीसुद्धा बसत नाही, तिच्यामागे ठराव नसेल तर.

तेव्हा तुम्ही समितीला एका पानाचं पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर साधा ठेवा: "आपल्या दिनांक अमुकच्या नोटिशीच्या संदर्भात, मुख्य दाराच्या रंगाबाबतचा नियम कोणत्या उपविधीत किंवा सर्वसाधारण सभेच्या कोणत्या ठरावात आहे, त्याचा क्रमांक व दिनांक कळवावा आणि ठरावाची प्रत नियमाप्रमाणे शुल्क घेऊन द्यावी. दंडाची रक्कम कोणत्या सभेत ठरली तेही कळवावे. माझे म्हणणे ऐकल्याशिवाय बिलात दंड लावू नये." एवढंच. संविधान, मूलभूत हक्क, कलावंताचं स्वातंत्र्य यातलं काही त्या पत्रात नको. ते का, ते पुढे सांगते.

दंडाची गोष्ट बहुतेक समित्यांना ठाऊक नसते. सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे दंड किती, हे सर्वसाधारण सभा ठरवते. समितीने आपल्या बैठकीत "रोज दोनशे" असा आकडा काढायचा आणि थेट बिलात चढवायचा, हे चालत नाही. आधी नोटीस, मग सदस्याला बोलायची संधी, मग निर्णय. तरीही दंड बिलात आला तर बाकीचं मेंटेनन्स वेळेवर भरत राहा, फक्त दंडाची रक्कम वगळून, आणि ती का वगळली ते लेखी द्या. रागाने सगळं मेंटेनन्स थांबवणारे लोक मी पाहिले आहेत. तीन महिन्यांत ते थकबाकीदार ठरतात, निवडणुकीला उभं राहायचा हक्क जातो, व्याज चढतं, वसुलीचा दाखला निघायची वेळ येते आणि मूळ भांडण कुठल्या कुठे राहतं. दाराचं भांडण मेंटेनन्सचं होऊ देऊ नका.

तुमच्या बाजूची कमजोर जागाही सांगून ठेवते, कारण ती समोरचा वकील शोधेलच. बिल्डरबरोबरचा तुमचा करारनामा काढून वाचा. त्यात बहुतेक एक कलम असतं की इमारतीच्या दर्शनी भागाचा रंग, रूप, रचना सदस्य बदलणार नाही. काही करारनाम्यांत त्यापुढे "मुख्य दाराची बाहेरील बाजू" असे शब्द असतात, काहींत नसतात. नुसतं दर्शनी भाग म्हटलं असेल तर रस्त्यावरून दिसतं ते, आणि आतल्या पॅसेजमधलं दार त्यात येत नाही असं म्हणायला भरपूर जागा आहे. दाराचा उल्लेख असेल तर तुम्ही सही केलेली आहे. मग लढाई हक्काची राहत नाही, सोसायटीला पटवून देण्याची होते.

आता हक्काबद्दल. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल प्रकरणात सांगितलं की राष्ट्रध्वज सन्मानाने फडकवणं हा अनुच्छेद १९(१)(क) खालचा अभिव्यक्तीचा हक्क आहे. ते वाचून पुष्कळ लोक माझ्याकडे येतात की मग माझी बाल्कनी, माझं दार, माझी अभिव्यक्ती. पण त्या खटल्यात अडवणारे सरकारी अधिकारी होते. सोसायटी म्हणजे सरकार नाही. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की उपविधी हा सभासदांनी स्वतःहून स्वीकारलेला करारासारखा दस्तऐवज आहे, आणि तो स्वीकारून आत आलेल्या सभासदाला मूलभूत हक्काचा आधार घेऊन तो मोडता येत नाही. तिथे प्रश्न रंगाचा नव्हता, पारशी नसलेल्यांना सभासद न करण्याचा होता, आणि न्यायालयाने तो उपविधी टिकवला. मला तो निकाल वाचून आजही बरं वाटत नाही. माणसाने कोणाशेजारी राहावं हे कागदाने ठरवावं, हे मला पटत नाही. पण निकाल आहे तो आहे. म्हणूनच म्हटलं, पत्रात संविधान नको. सोसायटीत तुमचं स्वातंत्र्य कोर्टातून कमी आणि सर्वसाधारण सभेतून जास्त येतं. आणि नेमकं तिथेच आपण गप्प बसतो.

ठाण्यातल्याच एका सोसायटीची गोष्ट सांगते. त्यांनी ठरवलं की दिवाळीत सगळ्या बाल्कन्यांत एकसारखे पांढरे कंदील लावायचे. चौऱ्याऐंशी कंदील एकदम मागवले, वर्गणी बिलात घेतली. फोटो छान येतो, हे कारण. पाचव्या मजल्यावर एक निवृत्त फिटर राहायचे. ते दरवर्षी घरी कंदील करायचे. बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने बांधून मोठी चांदणी, तिला पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. कामट्या बांधायचं काम नवरात्र संपलं की सुरू व्हायचं आणि खालच्या मजल्यावरची दोन-तीन मुलं त्यांच्याकडे खळ लावायला जाऊन बसायची. त्या वर्षी त्यांना सांगितलं गेलं, काका, तो कंदील घरात आतल्या बाजूला लावा. त्यांनी काही वाद घातला नाही. आत लावला. पुढच्या वर्षी केलाच नाही.

त्या ठरावाचं इतिवृत्त मी नंतर दप्तर तपासताना वाचलं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, "ठराव सर्वानुमते मंजूर." सभेला मी स्वतः हजर होते. हात कोणी वर केला नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाची हरकत?" दोन सेकंद कोणी बोललं नाही, आणि पुढचा विषय सुरू झाला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अकरा जणांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं की काकांचा कंदील गेला ते वाईट झालं. मी प्रत्येकाला विचारलं, सभेत का नाही बोललात? उत्तर एकच होतं, सगळ्यांना हवं होतं ना. म्हणजे अकराही जणांना वाटत होतं की आपण सोडून बाकी सगळ्यांना ते हवं आहे. आपल्या सोसायट्यांतलं "आपल्या इथे असं नसतं" हे असं तयार होतं. त्याला कोणी खलनायक लागत नाही, दोन सेकंदांची शांतता पुरते. मीही त्या दिवशी बोलले नाही. मी सदस्य नव्हते, मला बोलायचा अधिकार नव्हता, हे खरं आहे. तरी ते मला अजून टोचतं.

शेजारच्या काकांचं वाक्य मात्र मी तसंच सोडणार नाही. वारली चित्र "आपल्या इथे" नसतं, हे ठाण्यात राहून म्हणणं बरोबर नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, ती तुमच्या दारावरच्या चित्राची मूळ जागा. म्हणजे तुम्ही परकं काही आणलेलं नाही. हे काकांना भांडण म्हणून सांगू नका, चहाला बोलावून सांगा. चित्रातली माणसं, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाचाचा फेर, काय काय आहे ते दाखवा. तुम्ही शिक्षिका आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

सारखेपणाबद्दल समितीची बाजूही ऐकली पाहिजे. मला ती सगळी खोटी वाटत नाही. बाहेरून दिसणारी भिंत एकाने निळी, दुसऱ्याने पिवळी केली तर पुढच्या रंगकामात खर्च वाढतो आणि तो सगळ्यांवर पडतो. खिडकीची ग्रिल समितीने मंजूर केलेल्या नमुन्याचीच हवी, हा नियमही मी मानते. बाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये लोक कुंड्या, भंगार, एसीचं यंत्र भरतात, त्याचं वजन भिंतीवर येतं, आणि आग लागली तर त्याच पेटीमुळे खिडकीतून सुटका होत नाही. तिथे मी सदस्याला सांगते, आवड बाजूला ठेवा. इमारत एक आहे, भिंत सामायिक आहे, म्हणून तडजोड आली.

याची उलट बाजू बघायची असेल तर एखाद्या रविवारी बेलापूरला सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये फिरून या. सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी ती वसाहत ऐंशीच्या दशकात उभी केली, सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी. सात घरं आणि मध्ये साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरांमध्ये एक मोठं अंगण. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका घराची भिंत दुसऱ्याला लागत नाही. ते मुद्दाम केलेलं होतं, कुटुंब वाढलं, पैसा आला की शेजाऱ्याची परवानगी न घेता घर वाढवता यावं म्हणून. लोकांनी तसंच केलं. उतरत्या छपरांची मूळ घरं आता थोडी राहिली आहेत, बाकीच्यांनी मजले चढवले, गॅलऱ्या काढल्या, हवे ते रंग दिले. कोणाला ते विस्कटलेलं वाटतं. मला तिथे गेलं की वाटतं, इथे कोणाचं घर कोणाचं आहे ते कळतं. पण अंगण सात घरांचं आहे, तिथे कोणी खोली काढली तर सातही घरांचा उजेड जातो. टॉवरमध्ये आपली भिंत, स्लॅब, जिना, पाइप सगळं एकत्र असल्यामुळे मोकळीक उरते ती थोडक्याच जागी. दार ही त्यातली एक जागा आहे. म्हणून मी म्हणते, ती सहज सोडून देऊ नका.

तर करायचं काय. छपन्न सदस्यांच्या एक पंचमांश म्हणजे बारा सह्या. बारा सदस्यांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा एका महिन्याच्या आत घ्यावी लागते. तिथे "माझ्या दाराला परवानगी द्या" असा विषय नेऊ नका. तो नेला की सभा तुमच्या स्वभावाबद्दल, तुमच्या चित्राबद्दल बोलत बसेल. विषय सगळ्यांसाठी मांडा. मी दोन सोसायट्यांना जे लिहून दिलं ते साधारण असं होतं: "मुख्य दाराच्या चौकटीच्या आत येणाऱ्या पृष्ठभागाचा रंग व सजावट सदस्याच्या इच्छेवर राहील. चौकटीबाहेरची भिंत, जमीन व छत सामायिक राहील व तेथे कोणतीही वस्तू ठेवता येणार नाही. कोणाची बदनामी करणारा मजकूर वा जाहिरात दारावर लावता येणार नाही." तीन वाक्यं. मला चौकट ही रेघ आवडते, कारण ती कोणालाही डोळ्याने दिसते, तिच्यासाठी वकील लागत नाही. आणि पॅसेज मोकळा करण्याचा नियम त्याच ठरावात असल्याने समितीचंही खरं काम होतं.

सह्यांसाठी आधी कोणाकडे जाल? ज्यांना या ना त्या कारणाने "आपल्या इथे असं नसतं" ऐकावं लागलं आहे त्यांच्याकडे. कुत्रा पाळणारं घर असेलच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, तरी लिफ्टमध्ये त्यांना बोलणी बसतात. अविवाहित मुलींना घर भाड्याने दिलं म्हणून ज्यांना जाब विचारला गेला ते मालक असतील. आदर्श उपविधींत भाडेकरू विवाहित असावा, अमुक खाणारा नसावा, अशी अट कुठेही नाही, मालकाने सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. ही सगळी माणसं आपापल्या दाराआड एकेकटी बसलेली असतात. त्यांना तुमचं चित्र आवडेलच असं नाही. त्याची गरजही नाही.

ठराव फेटाळला गेला तर? तर उत्तर माझ्या मनाविरुद्ध आहे, पण देते. त्या परिस्थितीत रंगासाठी सहकार न्यायालयात जाऊ नका, त्यात तुमची वर्षं जातील. दाराच्या मापाचं प्लायवूड घ्या, चित्र त्यावर काढा आणि दाराला आतून लावा. दंड बेकायदा वसूल झाला तर मात्र उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा, ते सोडू नका. आणि पुढच्या वार्षिक सभेत, जी ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, तोच विषय पुन्हा मांडा. एका सोसायटीत तो तिसऱ्या खेपेला मंजूर झाला.

मुलीच्या बाबतीत कायद्यात काही नाही. मला दोन मुली आहेत, लिफ्टमधलं ते वाक्य किती लागतं ते मला ठाऊक आहे. मी तुमच्या जागी असते तर "लक्ष देऊ नकोस" असं म्हणाले नसते, कारण लक्ष जातंच. मी तिला विचारलं असतं की हे दार तुला आवडतं का, आणि तिचं उत्तर "नाही" आलं असतं तर ते सभेच्या निकालाइतकंच मनावर घेतलं असतं. दार तिचंही आहे. "हो" म्हणाली तर चित्रातली एखादी आकृती तिच्या हातची असू द्या. पॅसेजमधली ती चिडवणारी मुलं पुढच्या सुट्टीत ब्रश मागायला येतात की नाही ते सांगता येत नाही, पण त्या फिटर काकांकडे खळ लावायला मुलं आपणहून जायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सभेच्या दिवशी अध्यक्ष "कोणाची हरकत?" म्हणून पुढे जायला लागले तर उभं राहून हात वर करून मतदान घ्यायला सांगा आणि बाजूची, विरोधाची संख्या इतिवृत्तात लिहायला लावा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ते आकडे तसेच आहेत ना, ते स्वतः वाचून घ्या.